कार्बेटर उघडलाय

मिरजगावात चालू गाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही. नगर-सोलापूर रस्त्यावरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, एसट्या आणि एका हाताने मोबाइल कानाला लावलेले मोटरसायकलवाले धडाधड जात असतात, पण कोणाची मान वळत नाही. तीच गाडी बंद पडू द्या. मालक उतरून दुसरी किक मारायच्या आत चार जण जमतात. पाचवा येऊन विचारतो, "काय झालं?" तेव्हा ते चौघे चार वेगवेगळी उत्तरं देतात. प्लग, कॉइल, कचरा आणि "हिला मुळातच दम नाय." मालकाला कोणी काही विचारत नाही. त्याला कळत असतं तर गाडी बंद पडली असती का?

रस्त्यावर बंद पडलेली गाडी गावाला फार तर तासाभराचं सुख देते. आमच्या घरची गाडी मात्र वर्षानुवर्षं कांदाचाळीत उभी होती. गावाच्या दृष्टीने ती मुदत ठेव होती. कधी मोडायची एवढाच प्रश्न होता.

गाडी आमच्या आप्पांची, म्हणजे चुलत्यांची. राजदूत ३५०. राजदूत म्हटलं की आमच्याकडे लोकांना दुधाच्या किटल्या लटकावलेली १७५ आठवते. जरा शौकीन माणूस असला तर १९७३ च्या 'बॉबी'तली ऋषी कपूरची बुटकी जीटीएस आठवते. ही ती नव्हे. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्‌सने १९८३ मध्ये लायसन्स घेऊन इथे बनवायला घेतली आणि तिच्या टाकीवर राजदूत हे नाव चिकटवलं. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पहिल्या हाय टॉर्क मॉडेलची ताकद ३०.५ हॉर्सपॉवर होती, आणि त्या वेळची बुलेट १८ वर समाधानी होती. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे येईस्तोवर त्याचा ड्रम झाला. एवढी ताकद दिल्यावर ब्रेकही द्यायचा म्हणजे फारच लाड झाले, असा हिशेब असावा.

गाडी पळायची, पण लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि देशात ऐंशीच्या ॲव्हरेजच्या गप्पा सुरू झाल्या. ज्या देशात मुलगी बघायला गेलेला माणूससुद्धा अंगणातल्या गाडीचं ॲव्हरेज विचारून मग आत जातो, तिथे राजदूत ३५० टिकणार कशी? नव्वदच्या आसपास ती बंदच झाली.

आप्पांनी ती चाळीत का लावली, यावर गावात अनेक मतं होती. पेट्रोल परवडेना, हे एक. चुलतीने शपथ घातली, हे दुसरं. रेहेकुरीच्या अभयारण्याजवळ काळवीट आडवं गेलं आणि आप्पांनी धसका घेतला, हे तिसरं आणि सर्वांत लोकप्रिय. आप्पा आता मुलाकडे पिंपरी-चिंचवडला असतात. त्यांना फोन करून विचारावं, हे कोणालाच सुचलं नाही. मघाशी म्हटलं तसं, मालकाला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

चाळीत गाडी निकामी नव्हती. हँडलवर लसणाच्या जुड्या वाळल्या, सीटवर कोंबड्या बसल्या, आरशात बघून दोन पिढ्यांनी मिशा कोरल्या. मला तिच्याबद्दल आपुलकी वाटू लागली ती कायद्यामुळे. सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडीला 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पन्नास वर्षं ओलांडावी लागतात. पण पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करा, फी भरा, तपासणी करून घ्या. म्हणजे पंधरा ते पन्नास या काळात जुनी म्हणून भुर्दंड भरायचा आणि जुनी म्हणून मान मात्र मागायचा नाही. या वयाचा अनुभव मी स्वतः घेत असल्याने गाडीची आणि माझी तार जुळली.

गाडी धुऊन ओट्यासमोर लावली. किका मारल्या. घाम आला, आवाज आला नाही. तोवर ओटा भरला होता.

"कार्बेटर," एक जण म्हणाला.

"कार्बेटरच," बाकीचे म्हणाले. मिरजगावात एवढं एकमत मी ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडणुकीतही पाहिलेलं नाही.

"पण हिला दोन आहेत," मी म्हणालो.

ओट्यावर आनंदाची लाट पसरली.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, एकच उघडा. दुसरा राहू द्या कोरा. जोडताना बघायला होईल." या सगळ्या प्रकरणात बोललं गेलेलं शहाणपणाचं वाक्य हेच. पण तोवर दोघांच्या हातात डिसमिस होता आणि दोघांनाही एकेक कार्बेटर हवा होता.

डिसमिसचीही एक गंमत आहे. मिकुनी कार्बेटरचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूसारखे दिसतात, पण ती जपानी फुली निराळी असते. आपला डिसमिस तिच्यात नीट बसत नाही. जोर लावला की निसटतो, आणि निसटताना फुलीचं भोक करून जातो. हे सांगणारा एक पोरगा तिथे होता. "मोठ्यांच्यात बोलू नये," असं त्याला सांगण्यात आलं आणि मग स्क्रू छिन्नी लावून काढावे लागले.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदरांचा अनेक पिढ्यांचा संसार निघाला. कापूस, सुतळी, ज्वारीचा भुसा, आणि अर्धी कुरतडलेली एक लग्नपत्रिका. लग्न जामखेडकडच्या पाहुण्यांचं. त्या लग्नाला आम्ही गेलो नाही, म्हणून त्यांच्याशी आजवर बोलचाल बंद. "पत्रिकाच आली नव्हती," हे आमचं तेव्हापासूनचं ठाम म्हणणं. मी पत्रिका घडी घालून खिशात ठेवली. उंदरांचा मात्र आदर वाटला, पुरावा नष्ट करायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला होता.

मग कार्बेटरची वाटी निघाली. आत पेट्रोल नव्हतं, पेट्रोलचं श्राद्ध होतं. टाकीत आणि वाटीत पेट्रोल वर्षानुवर्षं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळा-तपकिरी चिकटा उरतो. तो नेमका जातो पायलट जेटमध्ये. पायलट जेट म्हणजे गाडी 'स्लो'वर चालवणारी पितळेची चिमुकली नळी. तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गुरुजींनी (निवृत्त, विज्ञान आणि भूगोल) ते उन्हाकडे धरून पाहिलं आणि सांगितलं, "अंधार आहे."

त्यानंतर गुरुजींचा तास झाला. हवा अरुंद जागेतून वेगाने गेली की तिचा दाब कमी होतो, हे बर्नुलीने १७३८ मध्ये लिहून ठेवलं. दाब कमी झाला की जेटमधून पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि हवेत फवारलं जातं. "म्हणजे कार्बेटरला काही करावं लागत नाही, नुसतं अरुंद व्हावं लागतं," असं गुरुजी म्हणाले. मागून कोणीतरी गावातल्या एका पुढाऱ्याचं नाव घेतलं. तास संपला.

जेट कशाने साफ करावं, यावर तट पडले. पोलादी तार घालू नये, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल ढोसायला लागते. हे खरं आहे. म्हणून एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्या दुष्काळी भागाचं मूळ हत्यार सुचवलं, बाभळीचा काटा. काटा सुरेख आत गेला आणि आतच मोडला. काट्याने काटा काढावा म्हणतात. दुसरा घातला. आता दोन झाले.

"दाभण आणा."

"नको, पंक्चरवाल्याकडं हवा मारू."

पंक्चरवाल्याने हवा मारली. काटे निघाले. त्यांच्यामागोमाग जेटही निघालं आणि रस्ता ओलांडून कुठेतरी गेलं. मग शोध सुरू झाला. कोणीतरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि निम्मी आळी मातीवरून चुंबक फिरवू लागली. खिळे निघाले, पिना निघाल्या, नाल निघाली, बैलाच्या शिंगाची शेंबी निघाली. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मघाच्याच पोराने सांगितलं. त्याला परत गप्प करण्यात आलं, कारण चुंबकाचं काम अगदी रंगात आलं होतं.

शेवटी संशय कोंबडीवर गेला. चमकतं ते टिपायची तिला सवय, आणि ती घटनास्थळी हजर होती. शेजारच्या काकू पदर खोचून आल्या.

"कापा की! कापा! जेट निघालं तर तुमचं. नाही निघालं तर कोंबडीचे पैसे आणि वर तिची अंडी."

"किती अंडी?"

"आयुष्यभराची."

हा हिशेब चालू असताना गुरुजींनी पान लावायला घेतलं. खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. सुपारी कातरेना. त्यांनी चष्मा वर केला, सुपारीकडे बघितलं आणि काही न बोलता ती माझ्या हातावर ठेवली. जेट मातीत दिसल्यावर हरवू नये म्हणून त्यांनीच ते जपून खिशात टाकलं होतं. कोंबडीची कोणी माफी मागितली नाही.

कार्बेटरचं भांडं स्वच्छ करायला लिंबाचा रस चांगला, हे एका भाच्याने मोबाइलवर पाहिलं होतं. लिंबं आणली. बायकोने कुकर दिला, पण दुसऱ्या दिवशीच्या माहेरच्या जेवणाचं वचन घेऊन.

"किती शिट्ट्या?"

"तुरीइतक्या," भाचा म्हणाला.

कार्बेटर चांगला शिजला. हलक्या मिश्रधातूला आम्ल सोसत नाही, ते काळं पडतं. आमचा डावा कार्बेटर काजळीसारखा झाला आणि उजवा, ज्याला लिंबं पुरली नाहीत, तसाच राहिला. पुढे दोन्ही ओळखायला त्याचा उपयोग झाला, हे नमूद केलं पाहिजे.

रबरं आणि निडली आणायला पुण्याला नाना पेठेत गेलो. जुन्या गाडीचा सुटा भाग मिळाला तर नाना पेठेत, नाहीतर मिळतच नाही, अशी आमची श्रद्धा. दुकानदाराने मुठीएवढी पुडी समोर ठेवली.

"ओरिजिनल आहे ना?"

"ओरिजिनल कुठून आणू साहेब? ओरिजिनलसारखं आहे."

"टिकेल?"

"ओरिजिनल तरी कुठं टिकलं?"

या उत्तरावर मी पैसे दिले. तर्काला पैसे द्यावेच लागतात.

रबराचं महत्त्व असं की, कार्बेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलं तर तिथून चोरटी हवा आत जाते. पेट्रोल कमी, हवा जास्त. गाडी आपोआप रेस होते, तापते आणि पिस्टन धरतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला फुगवतं. हे मी ओट्यावर सांगितलं. सहकारातला पहिला साखर कारखाना १९५० च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला, तेव्हा त्या साखरेची मळी एक दिवस आपल्याच कार्बेटरात येईल असं कोणाला वाटलं असेल, असंही म्हणालो. एक ऊसवाले पाहुणे विचारात पडले.

"म्हंजे माझाच ऊस तुमचं रबर खातोय?"

"तसंच म्हणा."

"मग एवढा ताकदीचा माल हाये, तर भाव का देईनात?"

त्या दिवशी कार्बेटर मागे पडला आणि चर्चा उसाच्या भावावर गेली. ती अजून संपलेली नाही.

खऱ्या मिस्तरीकडे का गेला नाहीत, असं कोणी विचारेल. गेलो. तालुक्याच्या एका चकचकीत वर्कशॉपमधल्या पोराने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "स्कॅनरची पिन कुठं लावायची?" त्याचाही दोष नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागले आणि नव्या गाड्यांमधून कार्बेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याने कार्बेटर फोटोत पाहिला होता. मग नगरहून एक जुने मिस्तरी आणले. १९७२ साली नगरच्या कायनेटिकने लुना काढली, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या अर्ध्या मिस्तऱ्यांचा हात लुनावर बसलेला. यांनी गाडी बघितली, दोन्ही कार्बेटर बघितले आणि निकाल दिला.

"एक काढून टाका."

"म्हणजे?"

"एका कार्बेटरवर चालवा. ॲव्हरेज डबल."

"पण मग एकच सिलिंडर चालेल."

"लुनाला एकच होता. कोणाचं काही अडलं का?"

ओट्यावरच्या बहुतेकांना हे पटलं. नगरच्या रणगाडा संग्रहालयाला गाडी देऊन टाकावी, असाही एक विचार पुढे आला. तिथे ॲव्हरेज विचारत नाहीत.

सगळ्यात गाळण उडाली ती दोन्ही कार्बेटर एकतालात आणताना. एक्सिलेटरची एकच केबल मुठीतून निघते आणि वाटेत तिच्या तीन होतात. दोन कार्बेटरना, तिसरी टूटी ऑइलच्या पंपाला. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं लागावीत तशी. नाव लागलं म्हणजे एकोपा आला असं नाही. मूठ पिळली की दोन्ही कार्बेटरमधल्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उठली तर एक सिलिंडर काम करणार आणि दुसरा त्याच्या जिवावर फिरणार. घरातून ही पद्धत ओळखीची असली, तरी इंजिनात चालत नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही कार्बेटरच्या तोंडात बोट घालायचं, मूठ हळूहळू पिळायची आणि कुठली स्लाइड आधी हलते ते बोटाला कळतं. यासाठी एक माणूस पुरतो. आम्ही चौघे होतो. मी मुठीवर, एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला दूधवाले, खाली मिस्तरी.

"उठली!" गुरुजी.

"आमची झोपलीय अजून," दूधवाले.

"डाव्याची केबल आवळा."

"डावी म्हंजे गाडीची का तुमची?"

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. सीटवर बसलेल्याचा डावा समोर उभ्या असलेल्याचा उजवा असतो. गुरुजी गाडीच्या मागे वाकलेले, दूधवाले समोरून, मिस्तरी खाली आडवे. प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपापल्या डाव्याची केबल आवळली. मग दोन्ही स्लाइड एकदम उठल्या आणि उठलेल्याच राहिल्या. त्यावर काळा आणि पांढरा असं म्हणायचं ठरलं. लिंबाचा उपयोग इथे झाला.

संध्याकाळी किक मारली. एकदा फुरफुर, एकदा मागून फटाका, आणि मग दोन्ही सायलेन्सरमधून निळ्या-पांढऱ्या धुराचे लोट निघाले. तो आवाज! कुत्री पळाली, समोरच्या घरातलं बाळ उठलं, आणि गावातली चाळिशीपुढची सगळी माणसं एकदम पंचविशीची दिसायला लागली. टाळ्या झाल्या. कोणीतरी नारळ फोडला. पेढे मी आणले.

पुढच्या दहा मिनिटांत ओटा रिकामा झाला. गुरुजींना एकाएकी काम आठवलं. दूधवाले धारेच्या वेळेला गेले. एक जण तर जाता जाता खिन्नपणे म्हणाला, "झाली म्हणायची चालू," आणि असा निघाला की जणू माणूस पोचवून घरी चाललाय. चालू गाडीसमोर तो एकटा पोरगा तेवढा थांबला. त्याला कोणी गप्प करायला उरलं नव्हतं, म्हणून तोही काही बोलला नाही.

मी म्हटलं, एक चक्कर मारू. निघालो. तिसऱ्या गिअरपर्यंत ठीक होतं. चौथ्यात गाडीला आपण कोण आहोत ते आठवलं. गाव मागे गेलं. आपलं घरही मागे गेलं हे लक्षात आल्यावर मी ब्रेक दाबला. नंतर पुढचाही दाबला. नंतर दोन्ही दाबून ठेवले आणि देवाचं नाव घेतलं. सोलापूरच्या दिशेने माहिजळगावकडे मी असा गेलो की रस्त्याकडेच्या ओळखीच्या लोकांना हात करता आला नाही, कारण हात मोकळाच नव्हता. पेट्रोल थोडं घातलं होतं, हे नशीब. ते संपलं आणि गाडी आपली आपण थांबली.

ढकलत परत येताना आप्पांना फोन लावला.

"आप्पा, गाडी चालू झाली!"

"कुठली?"

"आपली राजदूत! दोन्ही कार्बेटर खोलले, साफ केले, चालू केली!"

पलीकडे आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आरं, चालू व्हायला काय झालंय तिला? मी लावली तेव्हा चालूच होती."

"मग लावलीत का?"

"थांबत नव्हती."

मी गाडी ओट्यासमोर उभी केली आणि पोराला म्हणालो, जरा गुरुजींकडे जाऊन ये. ब्रेकचं कोणाला काही कळतं का, एवढंच विचार. पोरगा गेला. मी हातपाय धुऊन चहा घेऊन बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसायला जागा नव्हती. पुढचं चाक निघालेलं होतं आणि गुरुजी घर्षणावर बोलत होते.